पायावरचं न्हाणं

सर्व संबंधितांस, म्हणजे शेजारी, सोयरे, कार्यालयातील सहकारी, लोहाऱ्याच्या ऑटोस्टँडवरील समस्त चालक आणि माझ्या चालण्याकडे पाहून हळहळणारे अनोळखी नागरिक यांस, या परिपत्रकाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझा डावा गुडघा वैद्यकशास्त्राच्या सेवेत रुजू झाला आहे. उजवा गुडघा तूर्त प्रतीक्षायादीत आहे. सदर गुडघ्याबाबत यापुढे कोणीही तिळाच्या तेलाचा, एरंडाच्या पानाचा किंवा मेहुण्याच्या ओळखीतल्या वैद्याचा सल्ला देऊ नये. दिल्यास ती शास्त्रातील ढवळाढवळ समजण्यात येईल.

हे परिपत्रक मी खरोखरच वाचून दाखवलं होतं. बाभुळगावच्या आमच्या कार्यालयात, दुपारच्या डब्याच्या वेळी, आवाजात योग्य तो कंप आणून. खुर्चीवर उभं राहून वाचावं अशी फार इच्छा होती, पण खुर्चीवर चढता येत असतं तर परिपत्रक काढायची वेळच आली नसती. सगळे हसले. आवक-जावक सांभाळणारी बाई म्हणाली, "मॅडम, तुमी नाटकात असत्या तं आमाले तिकीट काढून पाहा लागलं असतं." मी मान लववून ते स्वीकारलं.

त्या हशात मी एक गोष्ट सांगितली नाही. गुडघा मी दुखण्यापायी दिला नव्हता. रोज लोहाऱ्याहून बाभुळगाव आणि परत, एसटीच्या पायऱ्या चढत उतरत, दुखण्याशी माझा चांगला संसार चालला होता. मला पाय सरळ हवे होते, कारण माझ्या लेकीला दिवस गेले होते.

आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालायचं ते पायावर. दुकानात टब मिळतात, जाळीच्या खुर्च्या मिळतात, लेकीनं मला त्या फोनवर दाखवल्याही होत्या. पण न्हाणं म्हणजे मोरीत पाट मांडायचा, साडी गुडघ्यावर ओढायची, दोन्ही पाय समोर लांब सोडायचे, घोटे जुळवायचे आणि दोन नडग्यांच्या मधल्या पन्हळीत बाळ पालथं घालायचं. एकीनं धरायचं, दुसऱ्यानं तांब्यानं पाणी घालायचं. माझ्या आईनं माझ्या लेकीला असंच न्हाऊ घातलं. लेक तिच्या पायांवर अशी निवांत पडून राहायची, जणू ती जागा तिच्याच मापानं घडवली असावी. आई आता नाही. पाळी माझी होती, आणि माझे पाय सरळ होत नव्हते. खाली बसले की उठवायला नवरा लागायचा. पाय लांब केले की डावा गुडघा कमानीसारखा वर राहायचा. त्या कमानीखालून आमचं मांजर शेपटी न मोडता जाई. तिथं बाळ ठेवलं असतं तर ते घसरत थेट माझ्या पावलांशी गेलं असतं.

यवतमाळला ज्या दवाखान्यात मी गुडघा दाखवला, तिथं एक तरुण डॉक्टर गुडघ्यांवर संशोधन करत होता. बायकांना 'काकू' म्हणताना त्याचे कान लाल व्हायचे. त्यानं मला विचारलं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. मी सांगितलं, सकाळी पाच, संध्याकाळी आठ, आणि साहेब नवीन काम घेऊन टेबलाशी आले की अकरा. तो हसला नाही. त्यानं आठ लिहिलं. मग त्यानं प्लास्टिकचं दोन फाट्यांचं कोनमापक माझ्या गुडघ्याशी लावलं आणि पाय किती वाकतो, किती सरळ होतो ते मोजलं. शेवटचा प्रश्न होता, या उपचारानंतर तुम्हाला काय करता यावं असं वाटतं? इतर बायका म्हणे जिना चढणं सांगत, देवळात बसणं सांगत. मी म्हटलं, नातवंड पायावर घ्यायचं आहे. त्याला कळलं नाही. मी तिथल्या तिथं तपासायच्या टेबलावर पाय लांब करून, त्याची फाइल नडग्यांवर पालथी घालून, तिला न्हाऊ घालून दाखवलं. फाइल घसरून माझ्या पावलांशी गेली. त्याला कळलं.

मग पाकिटं आली. संशोधनात दोन गट होते. एका गटाला मलम आणि एक छापील पत्रक. दुसऱ्याला मलम, पत्रक आणि शिवाय व्यायाम, तेही शिकवून, समोर करून घेऊन. कोणाला काय मिळणार ते बंद पाकिटातून निघणार. मी डोळे मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं, हात हवेत दोनदा फिरवला आणि पाकीट उचललं. आत पत्रक. वजन कमी करा, जिने टाळा, उकिडवं बसू नका. मी त्याला म्हटलं, बदलून दे की बाबा. तो म्हणाला की आपण निवडलं तर व्यायामाचा उपयोग होतो की नाही हे कळणारच नाही. मला पटलं. शास्त्र मला नेहमीच पटतं.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. तिथं दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरची बाई बसली होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. घरच्यांशी फोनवर गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, बोलायची आणि माझ्याशी वऱ्हाडीत. तिला व्यायामाचं पाकीट निघालं होतं. मी कार्यालयात काम करते असं मी तिला तीनदा सांगितलं, तरी शेवटपर्यंत ती मला मास्तरीनच म्हणत राहिली.

"तुले काय निघालं वं, मास्तरीन?"

मी पत्रक दाखवलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"बस, कागद? कागदानं कुठं पाय सरळ होते?"

तिनं आपला टॉवेल काढला, गुंडाळून लोळी केली, बाकावर माझा पाय लांब करायला लावून गुडघ्याखाली सारली आणि म्हणाली, दाब. सोड. आता दाब. टॉवेल जमिनीत पुरायचा आहे असं समजून दाब. त्या दिवसापासून ज्या ज्या दिवशी आमच्या तपासण्या असत, त्या त्या दिवशी तो बाक भरू लागला. व्यायामवाल्या बायका पत्रकवालींना शिकवायच्या, पत्रकवाल्या त्यांना डब्यातली चटणी द्यायच्या. कोणाला यात काही चूक वाटली नाही. मला वाटली होती, पण मी दाबत होते.

एके दुपारी डॉक्टर चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि समोर पाहतो तर त्याचे दोन्ही गट एका ओळीत बसून टॉवेल दाबताहेत. मग त्यानं फार अजिजीनं विचारलं की हे कधीपासून चाललंय. उत्तर तांड्यावरच्या बाईनं दिलं.

"साहेब, एका पंगतीत दोन वाढणं नसते करत. हिच्या पानावर कागद अन् माह्या पानावर पुरनपोळी. मी कशी जेवू?"

तो म्हणाला, "आजी, पण मग मला कळणार कसं?"

"काय कळाचं राह्यलं? पाह्य न. सरळ होऊन राह्यला न तिचा पाय."

तो आमच्या शेजारी बाकावर बसला. त्याचा चहा निवला. घरी जाताना एसटीत मात्र मी एकटीच हसत होते, कारण मांजराला आता कमानीखालून जाताना पोटावर सरपटावं लागत होतं.

सातव्या महिन्यात जावई लेकीला माहेरी घेऊन आला, उमरखेडहून पुसदमार्गे, तिच्या पाठीला उशी लावून. उमरखेडला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. माणूस गुणी, पण बोलण्यात अतिशय काटकसरी. मोटारीचा आवाज ऐकून तो तिचं दुखणं सांगतो आणि मग गप्प बसतो. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मला, सासूला, तो मामी म्हणतो. दिवसभरातल्या त्याच्या बोलण्यातला निम्मा भाग तेवढाच असतो.

ते आले त्याच संध्याकाळी मी रंगीत तालीम जाहीर केली. बाळाच्या भूमिकेत कोहळं. म्हणजे लाल भोपळा, चांगला मोठा, देठासकट. मोरीत पाट मांडला, मी बसले, पाय लांब केले आणि कोहळ्याला नडग्यांवर पालथं घालून तेल चोळायला घेतलं. जावयाच्या हाती तांब्या दिला. त्यानं पाणी असं घातलं, जणू एखाद्या महागड्या मोटारीत ऑइल भरतोय. मी कोहळ्याचं नाक ओढून सरळ केलं, डोकं गोल केलं, त्याला रडवलं, त्याच्या वतीनं मीच टाहो फोडला. लेक दाराच्या चौकटीला टेकून, पोट दोन्ही हातांनी धरून हसत होती.

"आई, पाणी तं पाह्य किती तापवलं. मोरीतच भाजी होईन त्याची."

एकदा कोहळं सुटलं आणि मी ते घोट्यांत पकडलं. नवरा म्हणाला, "याले देठ होतं म्हणून सापडलं. लेकराले देठ नसते." तालीम यशस्वी झाली. कोहळं पुसून मी फळीवर ठेवलं. आमच्यात अख्खं कोहळं बाईनं फोडायचं नसतं, पहिला घाव पुरुषाचा. नवऱ्याला सांगितलं, रविवारी फोडा.

रविवारच्या आधी सोनोग्राफी होती.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर बोलकी होती. हे बाळाचं डोकं, हा हात, पाहा कसा तोंडाशी नेलाय. मी स्वतः बोलकी असल्यामुळे बोलकी बाई कशी गप्प होते ते मला चांगलं ठाऊक आहे. ती गप्प झाली. पोटाच्या एकाच बाजूला यंत्र पुन्हा पुन्हा फिरवू लागली. मग तिनं आतून दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं आणि दोघं पडद्याकडे बोट दाखवून खालच्या आवाजात बोलले. लेकीनं माझा हात धरला. मोठी झाल्यापासून तिनं कधी माझा हात रस्ता ओलांडतानासुद्धा धरला नव्हता, उलट मला सांभाळायला दंड धरायची.

बाळाच्या डाव्या मूत्रपिंडातून रक्त परत नेणारी जी शीर असते, तिच्यात रक्ताची गुठळी झाली होती. रक्त बाहेर पडायला वाट नाही, म्हणून मूत्रपिंड सुजलं होतं. इतकं त्यांनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितलं. लेकीनं विचारलं, माझ्या हातून काही चुकलं का? नाही म्हणाले. कशानं झालं? सांगता येत नाही. कधी आईच्या रक्तात दोष असतो, कधी साखर असते, कधी काहीच सापडत नाही. दोघांचंही रक्त तपासायला पाठवलं. काहीच सापडलं नाही.

नागपूरला एका मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. पिकल्या केसांचा, सावकाश बोलणारा माणूस. तो अशाच बाळांचा अभ्यास करत होता, पोटात असतानाच ज्यांच्या मूत्रपिंडाच्या शिरेत रक्त गोठतं त्यांचा. फार थोडी दिसतात, म्हणाला, म्हणून दिसेल त्याची नोंद ठेवतो, पुढच्यांच्या कामी येतं. तुमची परवानगी असेल तर. लेक म्हणाली, "घ्या लिहून." गुडघ्यांचं तसं नव्हतं. गुडघे यवतमाळात पोत्यानं मिळतात.

त्यानं सांगितलं की एका मूत्रपिंडावर माणूस आयुष्य काढू शकतो. उजवं नीट राहिलं तर बाळ जगेल, शाळेत जाईल, तुम्हाला त्रास देईल. गुठळी पुढे सरकून मोठ्या शिरेत आणि तिथून दुसऱ्या बाजूला गेली तर मात्र अवघड. पोटातलं पाणी पाहत राहायचं. ते पाणी बाळच तयार करतं. त्याची मूत्रपिंडं चालू आहेत की नाही, ते पाण्यावरून कळतं.

मी विचारलं, आता आम्ही करायचं काय?

वाट पाहायची, म्हणाला.

मी म्हटलं, पाकीट वगैरे नाही का? दोन गट असतील ना, एकाला नुसतं पत्रक, एकाला उपचार? आमच्या बाळाला पत्रकाचं निघालं असेल तर दुसऱ्याचं पाहून आम्ही करू. त्याला वाटलं असेल, या बाईचं डोकं फिरलं. मग म्हणाला, "नाही हो, ताई. इथे गट नाहीत."

मला आयुष्यात पहिल्यांदाच अशा जागी बसवलं होतं जिथं शेजारच्या पानावर हात मारायची सोय नव्हती.

मग उन्हाळा लागला आणि आमच्या नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. भाड्याच्या गाडीत मागे लेक, नवरा आणि मी, पुढे जावई. जाताना मी बोलायचे. साहेबांच्या नकला करायचे, कळंबच्या टोलनाक्यावरच्या माणसाची करायचे, लेक हसायची. येताना कोणी बोलायचं नाही. दर खेपेला पडद्यावर पाणी थोडं कमी असे. डॉक्टर आकडा सांगायचा, मी तो ऐकायचे नाही, त्याच्या भुवयांकडे बघायचे. घरी आल्यावर लेक तांब्या तांब्या पाणी प्यायची, जणू ती प्याली की ते आत उतरेल. तसं होत नाही असं तिला सांगितलं होतं. तिला ते कळत होतं, आणि ती तांब्या पुन्हा भरत होती.

शेजारपाजारी आम्ही सांगितलं नाही. विचारलं की मी गुडघ्याचं पुराण लावायचे. गुडघा फार उपयोगी पडला. त्याच्याआड सगळं घर लपलं.

टॉवेल दाबणं मी सोडून दिलं होतं. कशाला दाबायचा? गुडघ्याच्या तपासणीच्या दिवशी बाकावर तांड्यावरची बाई भेटली. मी नुसतीच बसले. तिनं विचारलं, काहून. मी तिला सांगितलं, आमच्या घराबाहेर ज्या एकाच माणसाला सांगितलं ते तिला. तिनं देवाचं नाव घेतलं नाही, सगळं चांगलं होईल म्हणाली नाही. डब्यातली अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली, आणि मी ती खाईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. मग टॉवेल गुंडाळला.

"लेकरू येते का नाही, ते त्याच्या हाती. पाय सरळ करनं तुह्या हाती आहे. दाब."

मी दाबला. घरी जाऊनही दाबला. सकाळी चहा टाकताना, रात्री सगळे झोपल्यासारखे पडले की, दातओठ खाऊन दाबला. देव, दवाखाना, रक्ताच्या तपासण्या, कशावरच माझा हात चालत नव्हता, तेवढ्या एका टॉवेलवर चालत होता. कोहळं फळीवरच होतं. नवऱ्यानं ते फोडलं नाही, मी पुन्हा म्हटलं नाही.

शेवटच्या मोजणीला मी गेले तेव्हा डॉक्टरनं कोनमापक लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग वाकून माझ्या गुडघ्याखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना. त्याचे कान लाल झाले.

"काकू, पूर्ण सरळ आहे."

आमच्या बाकामुळे त्याच्या संशोधनाचं पार वाटोळं झालं होतं. माझा गुडघा कोणत्या गटात धरायचा ते त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. तरी तो खुश झाला. संशोधनात नसलेला माझा उजवा पायसुद्धा त्यानं आपणहून मोजला, तोही सरळ निघाला. मग हसत म्हणाला, आता घाला नातवंडाला न्हाऊ. मला तिथं काहीतरी बोलायचं होतं. माझ्याकडे नेहमी असतं. मी टेबलावरून खाली उतरले, कोणाचा हात न धरता, आणि पर्स उचलून बाहेर आले.

पाणी संपत आलं तेव्हा नागपूरला दिवस भरण्याआधीच शस्त्रक्रिया केली. मुलगी झाली. ती रडली, असं परिचारिकेनं सांगितलं. आम्ही ऐकलं नाही, दार बंद होतं. काचेच्या पेटीत ठेवलेली मी पाहिली. सुजलेली, लाल, अंगावर नळ्या, पायाला लेकीचं नाव लिहिलेली पट्टी. तिचं स्वतःचं नाव ठेवायचं होतं. जावयाच्या बहिणीनं दोनतीन नावं काढून ठेवली होती, ती तिनं सांगितली नाहीत.

ती लघवी करते का, एवढाच प्रश्न उरला होता. उजवं मूत्रपिंड चालू झालं की ती करेल, ती केली की जगेल. सगळं घर एका थेंबाच्या वाटेकडे डोळे लावून बसलं. लेक शस्त्रक्रियेचे टाके धरून भिंतीच्या आधारानं चालत यायची आणि काचेला विचारायची, केली का गं? मी देवीला नवस बोलले. देवीला लघवीचा नवस बोलणारी त्रैलोक्यात मी पहिलीच असेन, असं मी नवऱ्याला म्हणाले, आणि दवाखान्यातल्या बाकड्यावर आम्ही दोघं हसलो, मग हसता हसता तो उठून निघून गेला.

एका सकाळी परिचारिका म्हणाली, थोडी झाली. थेंब दोन थेंब. जावयानं उमरखेडला फोन लावला आणि इतकं बोलला की मी त्याच्याकडे बघतच राहिले. मी पेढे आणायला जिन्यानं उतरले, जिन्यानं चढले. दुपारी मोठ्या डॉक्टरनं आम्हाला खोलीत बसवून सांगितलं की ते रक्त होतं. गुठळी मोठ्या शिरेतून पलीकडे गेली होती. दोन्ही बाजू बंद. इतक्या लहान जिवावर पुढचं जे काही करण्यासारखं असतं ते त्यांनी करून पाहिलं होतं.

पेढ्यांचा पुडा माझ्या मांडीवर होता. तो मी त्या खोलीतच विसरले.

नात गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. कपड्यात गुंडाळून आमच्या हातात दिली. लेकीला आदल्या दिवशीच घरी न्यायची परवानगी मिळाली होती, पण ती निघाली नव्हती. आता गाडीत तीच लेकराला घेऊन बसली. खिडक्या बंद, बाहेर ऊन. कळंबचा टोलनाका आला, गेला.

लोहाऱ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. अंधार पडायच्या आत माती द्यायला हवी, असं ठरलं. नवऱ्यानं चार जणांना फोन केले. मग मला म्हणाला, इतक्या लहान लेकराचं काही नसते, अंगावर पाणी शिंपडलं तरी चालते. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, तुला त्रास होईल. मी मोरीत गेले आणि पाट मांडला.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी तापवावं लागत नाही. गच्चीवरच्या टाकीतून येतं तेच हाताला चटका देतं. मी बादली भरली आणि माठातलं गार पाणी मिसळत राहिले, कोपर बुडवून बघत राहिले, माझी आई बघायची तसं. मग साडी गुडघ्यावर घेतली आणि पाटावर बसले. पाय लांब केले. घोटे जुळवले. दोन्ही गुडघे फरशीला टेकले, खाली हवाही राहिली नाही.

लेक दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, त्याच चौकटीशी. तिनं कपडा उलगडला. मी नातीला घेतलं आणि पायांवर पालथं घातलं. ती घसरली नाही. त्या पन्हळीत ती इतकी नीट बसली की मी माझे हात क्षणभर काढून घेतले, तरी ती तिथंच राहिली. मी वाटीतलं तेल बोटांवर घेतलं. पाठीला लावलं, खांद्यांना, पायांच्या तळव्यांना. उताणी केली. नाक वरून खाली ओढलं. कपाळ, भुवया, हनुवटी. डोकं तळहातानं गोल केलं. काहीही गाळलं नाही.

मग मान हातावर घेऊन मी वर पाहिलं. पाणी घालायला जावई उभा होता. तांब्या भरून दोन्ही हातांत धरलेला, आणि तो तसाच उभा. मी म्हटलं, घाल. तो हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, घाल बेटा, उशीर होतो. तो वाकला, तांब्या तिच्या अंगाशी आणला, आणि मागे घेतला. त्यानं तांब्यात स्वतःचा हात घातला, मनगटापर्यंत, आणि तो हात आत तसाच ठेवून माझ्याकडे बघत, बाहेर चार माणसं ताटकळत असताना, अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मामी, पाणी लय गरम तं नाही ना?"